चाकाचं माप : डभोईच्या धावेपासून आमच्या मारुतीपर्यंत



मागच्या रविवारी नातवाने मोबाइलवर एका गाडीच्या चाकांचा फोटो दाखवला. काळी, चकाकती मॅगव्हील्स. म्हणाला, "आबा, आपल्या स्विफ्टला ही लावू या?" मी चष्मा लावला, फोटो मोठा केला आणि टायरच्या कडेवरचे आकडे शोधू लागलो. तो हसला. "चाक बघताना सुद्धा तुम्ही आकडेच बघता का?" बँकेत अडतीस वर्षं काढलेला माणूस दुसरं काय बघणार! पण या आकड्यांमागे आमच्या घरातली एक गोष्ट आहे. ती त्याला सांगितली, आणि मग वाटलं की ग्रुपवरही लिहावी. बडोद्याच्या जुन्या मंडळींना त्यात ओळखीचं बरंच सापडेल.

सुरुवात डभोईपासून करतो. माझं आजोळ डभोई, बडोद्यापासून तीसेक किलोमीटर. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं तिथे असायचो. हिरा भागोळीच्या बाजूला एक लोहार होता. बैलगाडीचं चाक सुतार करायचा, म्हणजे मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे आणि भोवती लाकडाचं कडं. पण त्यावर लोखंडी धाव चढवायचं काम लोहाराचं. धाव म्हणजे चाकाचं लोखंडी पायताण म्हणा. लोहार आधी दोरीने चाकाचा घेर मापायचा, मग पट्टी वाकवून तिचं कडं करायचा, पण ते मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान. मग गोवऱ्या रचून धाव लाल होईपर्यंत तापवायची. तापली की ती फुगते, तेवढ्यात तिघाचौघांनी सांडशीने उचलून चाकावर घालायची, दोन घण मारायचे आणि वरून घागरीने पाणी. भसकन वाफ, जळक्या लाकडाचा वास, आणि लोखंड आवळत गेलं की आऱ्यांचा करकर आवाज. आम्ही पोरं तो आवाज ऐकायलाच उभी असायचो.

सगळी कला त्या "किंचित लहान"मध्ये होती. धाव सैल राहिली तर उन्हाळ्यात लाकूड सुकलं की ती निसटायची, मग गाडीवान चाकं ओढ्यात भिजत घालायचे. फार घट्ट झाली तर आरे वाकून चाक बशीसारखं व्हायचं. लोहाराला लिहिता येत नव्हतं, पण मापाच्या बाबतीत तो अंदाजपंचे काही करत नसे. दोरीला गाठ मारायचा आणि ती गाठ पुन्हा पुन्हा चाकाशी लावून बघायचा.

आजोबा जी.बी.एस.आर. म्हणजे गायकवाड्स बडोदा स्टेट रेल्वेत मालधक्क्यावर कारकून होते. डभोईकरांना सांगायला नको, पण नव्या पिढीसाठी लिहितो. डभोई ते मियागाम ही हिंदुस्थानातली पहिली नॅरोगेज लाइन, १८६२ सालची, खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीतली. रुळांमधलं अंतर अडीच फूट, आणि सुरुवातीला त्यावरून डबे ओढायचे ते चक्क बैल! इंजिनं आली ती मागाहून. आजोबा सांगायचे की बैल असो वा इंजिन, रुळाला त्याचं काही नसतं. दोन चाकांमधलं अंतर तेवढं बरोबर पाहिजे. वाघिणीचं चाक आतून चुकलं तर ती रुळावर उभीच राहत नाही, त्यामुळे तिथे हौसेला जागा नव्हती. रस्त्यावरच्या गाडीचं तसं नसतं. चुकीचं चाक लावूनही ती चालते, बरेच दिवस चालते. घोळ तिथेच आहे.

मांडवीत, लहेरीपुऱ्यात आमच्या लहानपणी टांगे होते, त्यांच्या लाकडी चाकांवर भरीव रबराची पट्टी असायची. हवेचा टायर त्याच्या कितीतरी आधीचा. स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्येच पेटंट घेतलं होतं, पण ते विसरलं गेलं. मग १८८८ मध्ये बेलफास्टला डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीसाठी तीच कल्पना पुन्हा काढली. आपल्याकडे डनलॉपचा कारखाना १९३६ मध्ये बंगालात सहागंजला निघाला. पुढे सिएट, एमआरएफ वगैरे आले. आता तर आपल्या बडोद्याच्या वेशीवरच टायर बनतात, वाघोडियाजवळ लिमड्याला अपोलोचे आणि हालोलला सिएटचे. आमच्या बँकेत त्या बाजूच्या कामगारांची पगारखाती होती. टायर बनवणारी ही माणसं स्वतः मात्र सायकलवर यायची.

मी १९७३ मध्ये बँकेला लागलो. एम.एस. युनिव्हर्सिटीचा बी.कॉम. त्या काळी टायर "निवडणं" हा प्रकारच नव्हता. मोटारी दोन, मापं दोन. अँबेसेडरला ५.९०-१५ आणि फियाटला ५.२०-१४. म्हणजे टायरची रुंदी इंचात आणि रिमचा व्यासही इंचात. प्रश्न मापाचा नव्हता, टायर मिळण्याचा आणि परवडण्याचा होता. घासून गुळगुळीत झाला की रिमोल्ड करायचा, तो फाटला की दुसरा रिमोल्ड. फियाटच्या टायरला फियाटशिवाय गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे चुकायला वावच नव्हता. वाव मिळाला तो पुढे, पर्याय वाढले तेव्हा.

माझी पहिली गाडी सेकंडहँड पद्मिनी, १९९१ साली. पुढचे दोन टायर गेले तेव्हा दुकानदाराने रेडियल घ्या म्हणून भरीस घातलं. मागे जुने नायलॉनचेच ठेवले. तरुणांना हा फरक माहीत नसेल. नायलॉन टायरमध्ये आतले दोरे तिरपे, एकमेकांवर काट मारून जातात. रेडियलमध्ये ते एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे जातात आणि वरच्या थराखाली पट्टा असतो. मिशलिनने त्याचं पेटंट १९४६ मध्ये घेतलं. रेडियल रस्ता धरून ठेवतो, नायलॉन तेवढा धरत नाही. पुढची चाकं रस्ता सोडत नाहीत आणि मागची सोडतात, अशी गाडी पावसात वळणावर काय करेल? काळ्या घोड्याजवळ एका जुलैच्या संध्याकाळी तिने ते करून दाखवलं. मागचा भाग निघाला आणि मी जवळजवळ उलट्या तोंडाने उभा. कुणाला लागलं नाही. दुसऱ्या दिवशी मागेही रेडियल बसवले, पण कारण तेव्हा कळलं नव्हतं. मला वाटलं रस्त्यावर तेल सांडलं असेल.

१९९८ मध्ये मारुती ८०० घेतली, नवी, ऑफिसर लोनवर. पांढरी. टायरवर लिहिलेलं होतं १४५/७० आर १२. हे वाचायला मी किती वर्षांनी शिकलो ते पुढे येईलच, अर्थ मात्र आताच सांगतो. १४५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या सत्तर टक्के. आर म्हणजे रेडियल. १२ हा रिमचा व्यास, इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! एकाच ताळेबंदात रुपये आणि पौंड मांडले तर ऑडिटर उभा करील, पण जगभर हे असंच चालतं.

मी वाहनकर्जाच्या टेबलावर सहा वर्षं होतो. चॅसिस नंबर, इंजिन नंबर पेन्सिलीने घासून फाइलला लावून घ्यायचो, विम्याची तारीख डोळ्यांत तेल घालून बघायचो. टायरचं माप फाइलमध्ये कधी लिहिलं नाही. तसा रकानाच नव्हता.

आता मूळ गोष्ट. २००५ साल. चिरंजीवांना नोकरी लागून वर्ष झालं होतं. पहिला बोनस मिळाला आणि माझ्या वाढदिवसाला त्याने मला न सांगता गाडी नेली. संध्याकाळी परत आणली ती चार मॅगव्हील्स लावून. तेरा इंची रिम आणि त्यावर १५५/७० आर १३ चे टायर. गाडी खरोखर देखणी दिसत होती, थोडी उंचही झाली होती. सौ. म्हणाली, "नवी घेतल्यासारखी वाटते." पोराच्या चेहऱ्याकडे बघून मी काय बोलणार? आमच्या वडिलांना मी पहिल्या पगारातून घड्याळ दिलं होतं, ते त्यांनी जन्मभर मनगटावर बाळगलं.

पण पंधरा दिवसांत पेट्रोलच्या वहीत गडबड दिसू लागली. मी प्रत्येक भरण्याची नोंद ठेवतो, लिटर आणि किलोमीटर. १८ चं ॲव्हरेज एकदम साडेसोळा-पावणेसतरावर आलं. मेकॅनिकला कार्ब्युरेटर साफ करायला लावला, पंपवाल्यावर संशय घेतला, पंप बदलला. फरक नाही. तेवढ्यात अमदावादला जाणं झालं. एक्सप्रेसवे पूर्ण होऊन वर्षच झालं होतं, ९३ किलोमीटर. पूर्वी गेलो तेव्हा मीटरवर ९४ पडले होते, वहीत नोंद आहे. या वेळी पडले ८७. रस्ता तर लहान झालेला नाही!

तेव्हा प्रथमच कागद घेऊन बसलो. जुना टायर : १४५ चे ७० टक्के १०१.५, वर-खाली दोनदा म्हणून २०३. रिम १२ इंच म्हणजे ३०४.८. एकूण व्यास ५०७.८ मिलिमीटर. नवा टायर : १५५ चे ७० टक्के १०८.५, दुप्पट २१७. रिम १३ इंच म्हणजे ३३०.२. एकूण ५४७.२. जवळजवळ चार सेंटिमीटरचा फरक, पावणेआठ टक्के! चाक मोठं, म्हणून तेवढ्याच अंतरात फेरे कमी. मीटर तर फेरेच मोजतो. म्हणजे गाडी पेट्रोल जास्त पीत नव्हती, किलोमीटर कमी लिहीत होती. आणि काटा ८० दाखवायचा तेव्हा मी खरा ८६ ने जात होतो. तेराच्या रिमवर बारीक भिंतीचा, साठ टक्क्यांचा टायर घातला असता तर व्यास ५१६ झाला असता, फरक दोन टक्क्यांच्याही आत. दोन-तीन टक्क्यांपर्यंत चालतं, त्यापुढे नाही, हा साधारण दंडक. पण त्या दुकानात साठचा नव्हता, सत्तरचा पडून होता, तो खपवला. हिशेब जमल्याचा मला इतका आनंद झाला की मूळ धोका लक्षातच आला नाही. मीटरची चूक सापडली म्हणजे प्रकरण मिटलं असं समजलो. खास बँकेची खोड.

पुढच्या महिन्यात आईला डोळे दाखवायला पुन्हा अमदावादला नेलं. ती ब्याऐंशीची होती. मागच्या सीटवर आई, सौ. आणि माझी बहीण, पुढे मी आणि चिरंजीव. जाताना वळणावर पुढच्या डाव्या मडगार्डातून खर्रर्र आवाज आला. मोठा टायर, त्यात गाडीत पाच माणसं, मग तो आत घासणारच. "हळू घेऊ," म्हटलं. परतताना एक्सप्रेसवेवर आणंदच्या अलीकडे स्टिअरिंग थरथरू लागलं. आधी बारीक, मग इतकं की हातात राहीना. मी गाडी डावीकडे घेऊन थांबवली. चिरंजीव उतरला आणि चाकाशी वाकला तो वर बघेचना.

पुढच्या डाव्या चाकाला चारपैकी एक नट नव्हताच. दोन बोटाने फिरत होते. एकावर चाक होतं.

मागून आई विचारत होती, "आलं का रे घर?" डोळ्यांत औषध घातलेलं, तिला काही दिसत नव्हतं. सौ. ने तिला "चाकात हवा भरतोय" असं सांगितलं.

एक टेंपोवाला थांबला, खेड्याकडचा. त्याने पाना घेतला, चाक काढलं, रिमच्या भोकात बोट घालून दाखवलं. भोक गोल राहिलं नव्हतं, अंड्यासारखं लांबट झालं होतं. "काका, आ पैडुं आ गाडीनुं नथी," एवढंच म्हणाला. स्टेपनी जुनी, कंपनीची, बारा इंची. तीच लावली. बाकीच्या चाकांचा एकेक नट काढून पुरवला नाही, तिथलेही सैलच निघाले, ते त्याने आवळून दिले. एका बाजूला बारा, दुसऱ्या बाजूला तेरा, गाडी लंगड्या बैलासारखी डावीकडे ओढत होती. आणंदला एक्सप्रेसवे सोडला, एका दुकानातून चौथा नट घेतला आणि जुन्या हायवेने तीसच्या वेगाने बडोद्याला आलो. दोन तास लागले. चिरंजीव सगळा वेळ गप्प. टेंपोवाल्याने पैसे घेतले नाहीत, चहासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी आमच्या जुन्या उस्तादांकडे नेली. पद्मिनीपासून तेच बघायचे. त्यांनी चारही चाकं उतरवून जमिनीवर मांडली आणि चिरंजीवाला शेजारी बसवून शिकवणी घेतली. मीही ऐकत होतो.

त्या रिमला आठ भोकं होती. चार एका मापाची, चार दुसऱ्या. चाकाच्या चार बोल्टांच्या मध्यांतून एक वर्तुळ काढलं तर त्याचा व्यास किती, हे ते माप. मारुती ८०० चं ११४.३ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेचार इंच. सँट्रोचं १००. कारखानदाराने एकच रिम दोघांना खपावी म्हणून आठ भोकं पाडलेली. यात गैर काही नाही, पण त्यासाठी मधलं मोठं भोकही मोठंच ठेवलेलं असतं. कंपनीचं चाक मधल्या भोकाने हबवर नेमकं बसतं, डब्यावर झाकण बसावं तसं. त्यामुळे चाक बरोबर मध्यावर बसतं, आणि नट ते हबला घट्ट दाबून धरतात. आमच्या मॅगव्हीलचं भोक हबपेक्षा सैल. मध्ये एक कडी घालतात ती दुकानदाराने घातलीच नव्हती. म्हणजे चाक मध्यावर धरायचं काम नुसत्या चार नटांवर, आणि चाक फिरताना किंचित हलत राहणार. त्यात रिम पत्र्याच्या चाकापेक्षा जाड, नट जुनेच वापरलेले. उस्तादांनी नट हाताने फिरवून आटे मोजून दाखवले. पत्र्याच्या चाकावर नट जेवढे आटे पकडायचा त्याच्या निम्मेही इथे पकडत नव्हता. नवी चाकं लावल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे असतात, हेही आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी फियाट पॅलिओचं उदाहरण दिलं. तिचं माप ९८, आणि बाजारात रिम मिळतात १०० च्या. दोन मिलिमीटरचा प्रश्न म्हणून लोक दाबून बसवतात. बसतंही! पण बोल्ट तिरका बसतो आणि कधीतरी सुटतो. "साहेब, बिलकुल न बसणारं चाक बरं," उस्ताद म्हणाले, "कुणी लावत तर नाही." त्यांचं मराठी आमच्याइतकंच बडोद्याचं.

आणखी एक गोष्ट त्यांनी खडूने फरशीवर काढून दाखवली. रिम हबला जिथे टेकते ती जागा रिमच्या रुंदीच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे, याचं माप रिमवर "ईटी" म्हणून कोरलेलं असतं. जर्मन शब्दाचं लघुरूप आहे. तो आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं, बघायला रुबाबदार दिसतं, पण बेअरिंगवर भार वाढतो आणि वळताना मडगार्डाला घासतं. ती खर्रर्र तिथली होती. आणि टायरच्या मापापुढे छोटे आकडे असतात, उदाहरणार्थ ८२ टी. ८२ म्हणजे एक टायर ४७५ किलो पेलतो, टी म्हणजे ताशी १९० पर्यंतचा वेग. नवा टायर घेताना हे आकडे कंपनीच्या टायरपेक्षा कमी असता कामा नयेत. मी वहीत लिहून घेतलं. बहुतेक गाड्यांच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर टायरचं माप आणि हवेचा दाब छापलेला असतो, हे त्या दिवशी प्रथम कळलं. इतकी वर्षं ते दार उघडत होतो.

जुनी बारा इंची चाकं दुकानदाराकडेच राहिली होती. परत मागायला गेलो तर म्हणाला, भंगारात गेली. वाद घालण्यात अर्थ नव्हता. नवी चार पत्र्याची रिम आणि १४५/७० चे टायर घेतले. चिरंजीव पैसे देऊ लागला, मी घेतले नाहीत. पुढे वर्षभर तो माझ्याशी गाडीविषयी बोलला नाही. मॅगव्हील्स विकायची नाहीत असं त्यानेच ठरवलं, दुसऱ्या कुणाच्या गाडीला लागतील म्हणून. ती अजून माळ्यावर आहेत. त्यातलं एक भोक अजून अंड्यासारखं. आईला खरं काय झालं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

नातवाला हे सगळं सांगून झाल्यावर त्यालाच कागद दिला. आमच्या स्विफ्टला १६५/८० आर १४ आहेत. त्याच पिढीच्या वरच्या मॉडेलला कंपनी १८५/६५ आर १५ देते. तो गणित करू लागला. पहिला ६१९.६, दुसरा ६२१.५. दोन मिलिमीटरचाही फरक नाही. रिम एक इंचाने मोठी, टायर दोन सेंटिमीटरने रुंद, पण भिंत तेवढी बारीक, म्हणून चाक तेवढंच. तो दोनदा तपासून म्हणाला, "आबा, हे त्यांनी मुद्दाम जुळवलंय!" मग फोटोतल्या काळ्या चाकांचं माप शोधायला लागला. ती २०५/६५ आर १५ निघाली. व्यास ६४७.५. त्याने स्वतःच फोटो पुसला आणि बापाला फोन लावला. बराच वेळ बाल्कनीत बोलत होते. काय बोलले मला सांगितलं नाही, पण चिरंजीव पुढच्या महिन्यात येतोय तेव्हा पंधरा इंची कंपनीच्या मापाची चाकं बघायला तिघांनी जायचं ठरलंय. मीही जाणार, ईटी वाचायला.

डभोईच्या मंडळींपैकी कुणाला हिरा भागोळीचा तो लोहार आठवत असेल, किंवा कुणाकडे धाव चढवतानाचा फोटो असेल, तर जरूर टाका. आमच्या घरी आजोबांच्या जी.बी.एस.आर.च्या पितळी बिल्ल्याशिवाय त्या काळचं काही उरलेलं नाही.